सांगोल्याचे आबासाहेब आणि माझं पहिलं मत

मंडळाच्या कार्यक्रमात नवीन कुणाची ओळख झाली आणि "गाव कुठलं?" या प्रश्नाला मी "सांगोला" असं उत्तर दिलं, की समोरचा माणूस हमखास हसतो. "अरे वा! काय झाडी, काय डोंगार!" मग मीही हसतो. जून २०२२ मध्ये आमचे तेव्हाचे आमदार शहाजीबापू पाटील गुवाहाटीच्या हॉटेलातून कार्यकर्त्याशी फोनवर बोलले, आणि ते बोलणं जगभरातल्या मराठी माणसांच्या मोबाइलवर पोचलं. ऑकलंडलाही पोचलं. सांगोल्याला एक ओळख मिळाली. माझी तक्रार नाही. माणदेशी बोलीला एवढी प्रसिद्धी व्यंकटेश माडगूळकरांच्या 'बनगरवाडी'नंतर बहुधा पहिल्यांदाच मिळाली असेल.

पण माझ्या तालुक्याची त्याआधीची ओळख वेगळी होती. "गणपतराव देशमुखांचं सांगोला" असं लोक म्हणत. यंदा १० ऑगस्टला त्यांच्या जन्माला १०० वर्षं झाली. संपादकांनी "एखादं माणूस, जे तुम्हाला इथेही आठवतं" असा विषय दिला तेव्हा दुसरं नाव सुचलं नाही. लिहायला बसलो, तर आधी एक कबुली द्यावी लागेल असं लक्षात आलं.

१९९५ साली मी आयुष्यातलं पहिलं मत दिलं. ते मी आबासाहेबांच्या विरोधात दिलं. आणि त्या निवडणुकीत ते दोनशेपेक्षाही कमी मतांनी पडले.

एक माणूस, एक मतदारसंघ

इथे वाढलेल्या मुलांसाठी थोडं सांगतो. न्यूझीलंडमध्ये 'आमदार' हा प्रकारच नाही. १८७६ पर्यंत इथे प्रांत होते, त्यांची छोटी विधिमंडळं होती. ती मोडली आणि तेव्हापासून सगळा कारभार वेलिंग्टनच्या एकाच संसदेतून चालतो. भारतात मात्र प्रत्येक राज्याची विधानसभा असते. महाराष्ट्राच्या विधानसभेत २८८ जागा आहेत, आणि त्यातली एक सांगोल्याची.

त्या एका जागेवरून भाई गणपतराव देशमुख ११ वेळा निवडून गेले. पहिल्यांदा १९६२ मध्ये, म्हणजे महाराष्ट्र राज्य झाल्यानंतरच्या पहिल्याच निवडणुकीत. शेवटचे २०१४ मध्ये, वयाच्या ८८व्या वर्षी. मध्ये दोनदा हरले: १९७२ आणि १९९५. बहात्तरचा पराभव १९७४ च्या पोटनिवडणुकीत भरून निघाला, पंचाण्णवचा १९९९ मध्ये. पक्ष पहिल्यापासून शेवटपर्यंत एकच, शेतकरी कामगार पक्ष. लाल बावटा. हा पक्ष १९४७ साली स्थापन झाला, एके काळी राज्यातला मुख्य विरोधी पक्ष होता, आणि पुढे रायगड, सांगोला अशा मोजक्या ठिकाणी उरला. नेते एकेक करून दुसरीकडे गेले. आबासाहेब गेले नाहीत.

खरं तर ते जन्माने सांगोल्याचेही नव्हते. जन्म मोहोळ तालुक्यातल्या पेनूरचा. कायद्याचं शिक्षण घेऊन वकिलीसाठी सांगोल्यात आले आणि तिथलेच झाले. १९७७ च्या सुमारास काही महिने ते विधानसभेत विरोधी पक्षनेते होते. १९७८ मध्ये शरद पवारांच्या पुलोद सरकारात आणि १९९९ मध्ये विलासराव देशमुखांच्या मंत्रिमंडळात मंत्री होते. पण तालुक्यात त्यांना कुणी मंत्री म्हणून आठवत नाही. आठवतात ते एसटीतले आबासाहेब.

आमदाराला एसटीचा पास असतो आणि गाडीत राखीव जागा असते. आपल्यापैकी सगळ्यांनी खिडकीवर रंगवलेली ती अक्षरं वाचली असतील, आणि त्या जागेवर बसलेला खराखुरा आमदार बहुतेकांनी पाहिला नसेल. सांगोल्याच्या लोकांनी पाहिला. मुंबईला अधिवेशनाला जाताना ते एसटीने जात आणि आमदार निवासात उतरत.

तात्यांचा बहात्तर

माझे वडील, तात्या, आबासाहेबांच्या पक्षाचे साधे कार्यकर्ते. पद नाही, पैसा नाही. निवडणुकीत सायकलला झेंडा बांधून वाड्या-वस्त्या फिरायचे. त्यांच्या निष्ठेमागे बहात्तरचा दुष्काळ होता.

सांगोल्याचा पाऊस वर्षाला ५०० मिलिमीटरच्या आसपास, तोही पडला तर. ऑकलंडला ११०० च्या वर पडतो. बहात्तरला तो जवळपास पडलाच नाही. तात्या तेव्हा विशीतले. विहीर आटली, बैल गेले, आणि ते आईला घेऊन दुष्काळी कामावर खडी फोडायला गेले. लाल मिलोची भाकरी आणि सुकडी, हे दोन शब्द आमच्या घरात इतक्यांदा ऐकले की त्यांची चव मला न खाताच माहीत आहे.

त्या कामांमागे एक कल्पना होती: मागेल त्याला काम. विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांनी ती मांडली, सांगली जिल्ह्यातल्या तासगाव तालुक्यात तिचा प्रयोग झाला, आणि बहात्तरच्या दुष्काळात ती राज्यभर गेली. १९७७ मध्ये तिचा कायदा झाला. पुढे २००५ चा केंद्राचा रोजगार हमी कायदा आला तोही तिच्याच वाटेने. आपल्यापैकी जे मुंबई-पुण्यात नोकरी करून इकडे आले, त्यांनी पगाराच्या चिठ्ठीवर दर महिन्याला २०० रुपये 'व्यवसाय कर' कापलेला पाहिला असेल. तो कर १९७५ मध्ये सुरू झाला तो या योजनेला पैसा उभा करायला. शहरातल्या पगारदाराने दुष्काळी माणसाची मजुरी द्यायची, असा तो हिशेब. आपण तेव्हा कपातीला नावं ठेवली. त्या पैशातून माझ्या तालुक्यात पाझर तलाव झाले.

कायदा करायला विधिमंडळ लागतं, पण कागदावरचं काम गावात यायला माणूस लागतो. काम मागणीचा अर्ज कुणी लिहायचा, हजेरीपत्रक कुणी तपासायचं, मजुरी थकली तर तहसील कचेरीत कुणी जायचं? आमच्याकडे ही कामं आबासाहेबांचे कार्यकर्ते करत. तात्या फक्त सातवी शिकले होते, पण हजेरीपत्रक असं वाचायचे की मुकादम टरकून असायचा.

माझं मत

मग मी विरोधात मत का दिलं?

कारण मी १९ वर्षांचा होतो, सांगलीला इंजिनिअरिंगला होतो, आणि सुट्टीत गावी आलो की आई टँकरच्या रांगेत दिसायची. सांगलीला कृष्णा दुथडी वाहायची आणि गावात हंड्यावरून भांडणं. तीन दशकं एकच आमदार, तोही प्रामाणिक, आणि तरी प्यायला पाणी नाही! प्रामाणिकपणा काय प्यायचा, असा माझा सवाल होता. विरोधी बाकावर बसून अभ्यासपूर्ण भाषणं करणाऱ्यापेक्षा सत्तेच्या बाजूचा, तरुण माणूस बरा, असं आम्हा मित्रांचं मत झालं. शहाजीबापू तेव्हा काँग्रेसचे तरुण उमेदवार होते. बोलणं तर तुम्ही ऐकलंच आहे. तेव्हाही तसंच होतं.

मी तात्यांना आधीच सांगितलं. लपवून मत द्यायचं मला पटत नव्हतं. ते ओट्यावर बसून दावं वळत होते. हात न थांबवता म्हणाले, "मत तुझं हाय. पर त्यो माणूस पडला तरी उद्या यष्टीतच बसंल, एवढं बघून ठेव."

निकाल लागला. दोनशेच्या आत फरक. त्या रात्री आमच्या घरात चूल पेटली नाही. आईने कुणाला काही विचारलं नाही. एक मत म्हणजे काय, तर काहीच नाही, हे गणित मला येत होतं. पण माझ्या वर्गातले, माझ्या गावातले, माझ्याशी पारावर बसून वाद घालणारे, अशी शंभरेक नावं मला त्या रात्री तोंडपाठ होती.

त्याच उन्हाळ्यात सांगोला स्टँडवर मी सांगलीच्या गाडीची वाट बघत उभा होतो. फलाटावर चार-पाच माणसांत आबासाहेब उभे होते. हातात पिशवी. कुणीतरी दिलेला कागद ते चष्मा सावरत वाचत होते. गाडी लागली, ते चढले, कागद पिशवीत घातला. बस्स, एवढंच. मी त्यांच्याशी बोललो नाही. बोलायला तोंड नव्हतं असं नाही. काय बोलायचं ते सुचलं नाही.

पाणी कसं आलं

आज मी ऑकलंडमध्ये पाण्याच्या आणि सांडपाण्याच्या वाहिन्यांचं काम करतो. त्यामुळे एकोणिसाव्या वर्षी जे कळलं नव्हतं ते आता कळतं. सांगोल्याच्या वाटेवरचा माळ उंचावर आहे, कृष्णा खाली आहे. पाणी आपणहून वर चढत नाही. बचावत लवादाने कृष्णेचं साधारण ५६० टीएमसी पाणी महाराष्ट्राच्या वाट्याला दिलं, पण ते उचलून दुष्काळी पट्ट्यात न्यायचं तर धरणं, पंप, बोगदे, कालवे आणि मुख्य म्हणजे वीज लागते. हे एका आमदाराच्या हातचं काम नाही, आणि एका निवडणुकीचं तर नाहीच.

त्यासाठी दाब उभा करावा लागतो. १९९३ पासून आटपाडीला पाणी परिषदा भरू लागल्या. क्रांतिवीर नागनाथअण्णा नायकवडी, डॉ. भारत पाटणकर आणि आबासाहेब ही त्यामागची माणसं. सातारा, सांगली, सोलापूर जिल्ह्यांतल्या १३ दुष्काळी तालुक्यांतले लोक वर्षामागून वर्षं जमत राहिले. मागणी नुसती 'पाणी द्या' अशी नव्हती; समन्यायी द्या, म्हणजे नदीकाठच्या बागायतदाराइतकाच हक्क माळावरच्या कुटुंबालाही द्या, अशी होती. १९९६ मध्ये कृष्णा खोरे महामंडळ स्थापन झालं आणि टेंभू योजनेचं काम सुरू झालं. कराडजवळ टेंभूला कृष्णा अडवायची आणि टप्प्याटप्प्याने पंप लावून पाणी खानापूर, आटपाडी करत सांगोल्यापर्यंत आणायचं. मग पैसे संपले, कामं रेंगाळली, पंप बसले तर वीजबिल थकलं. शेवटी बिलाचा ८१ टक्के भार सरकारने आणि १९ टक्के शेतकऱ्यांनी उचलायचा, असं सूत्र आलं. प्रत्येक पायरीवर कुणीतरी विधानसभेत उभं राहून विचारत होतं: तरतूद किती, खर्च किती, पाणी कुठवर आलं? तारांकित प्रश्न, लक्षवेधी, अर्थसंकल्पावरचं भाषण. मी ज्याला 'नुसती भाषणं' म्हणत होतो, ती हीच.

माण नदीच्या कोरड्या पात्रात टेंभूचं पाणी आलं तेव्हा मी इकडे होतो. भावाने फोटो पाठवला. तात्या गुडघाभर पाण्यात उभे होते, धोतर वर खोचून. बंधाऱ्याकडे बघत होते, कॅमेऱ्याकडे नाही.

मधल्या काळात पाण्याविना जगायचा मार्गही तालुक्याने शोधला होता. १९९० पासून रोजगार हमीतून फळबाग लागवडीला अनुदान मिळू लागलं आणि सांगोल्याच्या खडकाळ माळावर डाळिंब आलं. गणेश, मग भगवा. ठिबकवर, मोजून पाणी देऊन. सांगोल्याचं डाळिंब युरोपात गेलं. मग तेल्या रोग आला आणि बागाच्या बागा उपटाव्या लागल्या, आमचीही गेली. शिवाय आबासाहेबांनी उभी केलेली शेतकरी सहकारी सूतगिरणी होती. कापूस न पिकणाऱ्या तालुक्यात सूतगिरणी, म्हणून लोक हसले होते. पण तिथे पाळीचा भोंगा वाजायचा आणि आमच्या गावची पोरं सायकली काढायची. फॉन्टेराच्या देशात राहून सहकाराची महती मी काय सांगावी! मात्र सहकारी संस्था काढून ती बुडवणं महाराष्ट्रात किती सोपं आहे, ते आपल्याला ठाऊक आहे. ही चालली.

आबासाहेबांवर टीका करण्यासारखं काही नव्हतं असं मी म्हणणार नाही. एकाच माणसाभोवती तालुक्याचं राजकारण पन्नास वर्षं फिरलं, त्यात नवी माणसं उशिरा उभी राहिली. पक्ष आटत गेला. माझ्या पिढीतले निम्मे पुणे-मुंबईला गेले, मी तर त्याहून लांब. माझा तेव्हाचा राग खोटा नव्हता. पण टँकरच्या रांगेचा दोष मी ज्याच्या पदरात टाकला, तो त्या रांगेविरुद्ध भांडणाऱ्या थोड्या माणसांपैकी होता, एवढं मला तेव्हा दिसलं नाही.

पन्नास डॉलरची नोट

तुमच्या पाकिटात पन्नास डॉलरची नोट असेल तर काढून बघा. त्यावर सर आपिराना न्गाटा आहेत. वकील होते. १९०५ ते १९४३, सलग ३८ वर्षं ईस्टर्न माओरी मतदारसंघाचे खासदार. माओरींच्या पडीक जमिनी लागवडीखाली आणायला सरकारी कर्ज मिळवून दिलं, लोकांना सहकारी दुग्धव्यवसायात आणलं. मंत्रिपद मिळालं, ते चौकशीनंतर १९३४ मध्ये सोडावं लागलं. आणि १९४३ मध्ये त्यांच्याच लोकांनी त्यांना पाडलं.

मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मनात आलं: इथेही कुणीतरी १९४३ साली पहिलं मत दिलं असेल, आणि पुढे कधीतरी ही नोट हातात धरली असेल.

२०२० च्या मे महिन्यात ऑकलंडला पाणीटंचाई झाली ते आठवतं? बागेत पाइप लावायला बंदी आली होती. शेजारचे आजोबा बादली घेऊन गुलाबांना पाणी घालत होते आणि जगबुडी आल्यासारखे हताश होते. मी कपडे धुतलेलं पाणी झाडांना घालत होतो, ते बघून त्यांनी विचारलं, हे कुठे शिकलास? मी म्हटलं, गावी. तात्या असते तर म्हणाले असते, "हिला दुष्काळ म्हणत्यात व्हय?"

शनिवारची पहाट

तात्या २०१६ मध्ये गेले. त्याआधी दोन वर्षं, आबासाहेबांचा अकरावा विजय त्यांनी ढोल वाजवून साजरा केला होता, आणि मला फोनवर ढोल ऐकवला होता. पंचाण्णवचा विषय त्यांनी मला एकदाच काढून दाखवला, १९९९ च्या निकालानंतर. मी तेव्हा पुण्यात नोकरीला होतो, मतदानाला गेलो नव्हतो. ते म्हणाले, "आवंदा तुझ्या मतावाचून निवडून आलं बघ." रागाने नाही, चेष्टेने.

२०१९ मध्ये आबासाहेबांनी वयामुळे निवडणूक लढवली नाही. ३० जुलै २०२१ रोजी, शुक्रवारी, सोलापुरात त्यांचं निधन झालं. इथे शनिवार उजाडत होता. उठून मोबाइल बघितला तर गावच्या ग्रुपवर एकच फोटो पन्नास जणांनी टाकलेला. सूतगिरणीच्या आवारात अंत्यसंस्कार होणार होते. देशाच्या सीमा बंद होत्या, तेव्हा जाण्याचा प्रश्नच नव्हता. जाऊन तरी मी कोण होतो? सवयीने तात्यांना फोन लावावा म्हणून हात गेला, आणि मग मी चहा टाकला.

त्यानंतरची गोष्ट तुम्ही बातम्यांत वाचली असेल. २०१९ ला त्यांचे नातू डॉ. अनिकेत देशमुख शहाजीबापूंकडून ७६८ मतांनी हरले. २०२४ ला दुसरे नातू डॉ. बाबासाहेब देशमुख त्याच जागेवरून निवडून आले. आमच्या तालुक्यात मतं मोजूनच पडतात.

यंदा इथेही निवडणुकीचं वर्ष आहे. माझी मुलगी १८ वर्षांची झाली, तिचं हे पहिलं मत. मागच्या महिन्यात जेवताना तिने विचारलं, "बाबा, मी कुणाला देऊ?" मी ते सांगितलं नाही. पंचाण्णवची गोष्ट सांगितली, स्टँडवरच्या पिशवीसकट. तिने नीट ऐकून घेतलं आणि विचारलं, "मग तू चुकलास का?"

मी म्हटलं, मला पाणी हवं होतं, ते मागण्यात चूक नव्हती. पण मी उमेदवाराला प्रश्न विचारायच्या आधीच उत्तर ठरवलं होतं. आपल्या भागातल्या खासदाराचं कार्यालय शॉपिंग सेंटरच्या कोपऱ्यावर आहे. आई-वडिलांच्या व्हिसासाठी आपल्यातले कितीतरी जण तिथे जाऊन आले, पण पाण्याचं, शाळेचं, बसचं विचारायला कोण गेलं? तिने खांदे उडवले. आणि चार दिवसांनी म्हणाली, "शनिवारी मोकळा आहेस? उमेदवारांची सभा आहे लायब्ररीत. मला दोन प्रश्न विचारायचेत."

आम्ही गेलो. बसने.